पूर्वजांचे पाप आणि वंशजांचे ऋण

मनुष्याला वारसाने पुष्कळ गोष्टी मिळतात. घर मिळते, जमीन मिळते, आडनाव मिळते, कुलदैवत मिळते आणि चार माणसांत मानही मिळतो. या गोष्टी स्वीकारताना 'यासाठी मी काय केले?' असा प्रश्न सहसा कोणी स्वतःला विचारीत नाही. पणजोबांनी देऊळ बांधले, आजोबांनी विहीर खणली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच पणजोबांच्या हातून एखादे क्रूर कर्म घडले होते, असे जुन्या कागदांवरून निघाले म्हणजे आपली भाषा तत्काळ पालटते. 'ज्याचे कर्म त्याच्यापाशी. माझा त्याच्याशी काय संबंध?' असे आपण म्हणू लागतो. पुण्य तेवढे घराण्याचे आणि पाप तेवढे व्यक्तीचे, असा हा हिशेब आहे. तो धर्माच्या कसोटीस उतरतो काय, हे एकदा शांतपणे पाहणे अगत्याचे आहे.

यासाठी मुद्दाम कठीण उदाहरण घेऊ. एखाद्याच्या पूर्वजांनी माणसे विकत घेतली, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या गुलाम म्हणून राबविले आणि त्यांच्या श्रमांवर घराणे वैभवास चढले. आज तो धनी नाही आणि ते गुलामही नाहीत. मात्र दोघांचेही वंशज आहेत. अशा स्थितीत धन्याच्या वंशजाने त्या गुलामांच्या वंशजांचा शोध घ्यावा काय? घ्यावा तर कशासाठी, आणि कोणत्या वृत्तीने?

एका घराण्याच्या वह्या

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. एलियस बॉल नावाचा इंग्रज तरुण वारसाने मिळालेली जमीन ताब्यात घेण्यासाठी १६९८ साली अमेरिकेतील कॅरोलिना प्रांतात गेला. चार्ल्सटन शहराजवळ कूपर नदीच्या काठी त्याचा मळा होता. तेथे पुढे भाताचे पीक होऊ लागले. भातशेती म्हणजे गुडघाभर चिखलातले काम. ते करण्यासाठी आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे बाजारात विकत मिळत. पश्चिम आफ्रिकेच्या काही भागांतील लोकांना भातशेतीचे ज्ञान पिढीजात होते, म्हणून त्यांना मागणीही अधिक असे. बॉल घराण्याचे मळे वाढत वाढत वीसांच्या वर गेले. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाली, तोपर्यंतच्या १६७ वर्षांत सुमारे ४,००० माणसे या एका घराण्याची मालमत्ता म्हणून जन्मली किंवा खरेदी केली गेली.

याच घराण्यातील एडवर्ड बॉल या पत्रकाराने विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात असे ठरविले की, आपल्या पूर्वजांनी ज्यांना गुलाम केले त्यांचे वंशज आज कोठे आहेत, हे शोधून काढावयाचे. त्याच्या नात्यातील काही वडीलधाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही. तरीही तो शहरोशहरी हिंडला, अनेक घरांची दारे त्याने ठोठावली, लोकांना त्यांच्या पूर्वजांविषयी जे कागदांतून मिळाले ते सांगितले आणि त्यांच्याकडून जे कळले ते ऐकून घेतले. त्याच्या अंदाजाप्रमाणे त्या चार हजार माणसांचे आज हयात असलेले वंशज पाऊण लाख ते एक लाख असावेत. या शोधाची हकीकत सांगणारा त्याचा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याला त्या वर्षी अमेरिकेतील राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला.

हा शोध शक्य झाला तो एका विलक्षण कारणाने. बॉल घराणे हिशेबात अत्यंत काटेकोर होते. कोणत्या मळ्यावर कोणत्या स्त्रीला कधी मूल झाले, कोणाला किती वार कापड दिले, कोणाला कांबळे दिले, कोणाला जोडे दिले, कोण किती किमतीला आले, कोण मेले, हे सारे त्यांनी वह्यांत लिहून ठेवले होते. माणसांवरील प्रेमाने हे लिहिले नव्हते. गोठ्यातील जनावरांची नोंद ज्या हेतूने ठेवतात त्याच हेतूने लिहिले होते. पण नियतीचा खेळ असा की, ज्या वहीने माणसाला वस्तू केले, तीच वही आज त्या माणसाच्या अस्तित्वाची एकमेव साक्षीदार ठरली आहे.

एकच उदाहरण पुरेसे होईल. १७५६ साली 'हेअर' नावाचे जहाज सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरून माणसे भरून चार्ल्सटनला आले. पहिल्या एलियस बॉलच्या मुलाने त्यातील काही मुले विकत घेतली. त्यांत सुमारे दहा वर्षांची एक मुलगी होती. तिचे वय त्याने अदमासाने लिहिले आणि तिला 'प्रिसिला' हे नाव दिले. तिच्या आईने तिला कोणते नाव ठेवले होते, हे कोणत्याही वहीत नाही. परंतु या वहीतील एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीपर्यंत धागा जोडत जोडत तिचा वंश आजपर्यंत आणता आला. त्या जहाजाचेही कागद न्यूयॉर्कच्या एका इतिहास-संग्रहात सापडले. २००५ साली तिच्या सातव्या पिढीतील एक स्त्री सिएरा लिओनला गेली आणि तेथील लोकांनी, आपली हरवलेली लेक २४९ वर्षांनी परत आली, असे मानून तिचे स्वागत केले.

वाट कोठे अडते

कोणी म्हणेल की, ज्यांना आपले पूर्वज शोधावयाचे आहेत त्यांनी ते स्वतःच शोधावेत. धन्याच्या वंशजाने मध्ये पडण्याचे कारण काय? याचे उत्तर समजण्यासाठी अमेरिकेच्या खानेसुमारीची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १८५० आणि १८६० या सालांच्या खानेसुमारीत गुलामांच्या स्वतंत्र याद्या केल्या होत्या. परंतु त्या याद्यांत वर धन्याचे नाव आणि खाली केवळ वय, लिंग व वर्ण असे आकडे भरलेले आहेत. गुलामांची नावे जवळजवळ कोठेही नाहीत. पूर्वी गुलाम असलेल्या लोकांची नावे व आडनावे देणारी पहिली सार्वत्रिक खानेसुमारी १८७० सालची. त्यामुळे ज्यांचे पूर्वज गुलाम होते, असा आजचा कृष्णवर्णीय मनुष्य मागे मागे जात १८७० पर्यंत पोचतो, आणि तेथे भिंत उभी असते. त्या भिंतीच्या पलीकडे त्याच्या खापरपणजीचे नाव जर कोठे असेल, तर ते बहुधा धन्याच्या मृत्युपत्रात, वाटणीपत्रात, खरेदीखतात किंवा कांबळी वाटल्याच्या यादीत असते. आणि ते कागद धन्याच्या वंशजांच्या माळ्यावर किंवा त्यांनी दिलेल्या दप्तरात असतात.

या सर्व विषयाचे मर्म येथेच आहे. एकाच्या पूर्वजांचे नाव दुसऱ्याच्या घरातील पेटीत आहे. ज्याचे ते आहे त्याला ते मिळत नाही, आणि ज्याच्या ताब्यात आहे त्याला त्याची गरज नाही. दुसऱ्याची ठेव आपल्या घरी आहे असे कळल्यावर गृहस्थाने काय करावे, हे सांगण्यासाठी मोठा शास्त्रार्थ लागत नाही.

आपल्याला या वेदनेची कल्पना इतरांहून अधिक यावी. श्राद्धाच्या दिवशी आपण पिता, पितामह आणि प्रपितामह यांची नावे व गोत्र उच्चारून पिंड देतो. नाव आठवले नाही तर मनुष्य ओशाळतो, थोरल्या काकांना विचारतो, जुनी वही काढतो. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला जी भीती वाटते, तीत पितरांना पिंड व उदक मिळणार नाही ही एक मोठी भीती आहे. मग ज्यांच्याकडून केवळ स्वातंत्र्यच नव्हे, तर पितरांची नावेही काढून घेतली गेली, त्यांच्या हानीचे माप कोणत्या तराजूने करावे?

पाप निराळे, ऋण निराळे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पूर्वजाचे पाप वंशजाला लागते काय? नाही. ज्याने कर्म केले तोच त्याचा भोक्ता, हा कर्मसिद्धांताचा गाभा आहे. एडवर्ड बॉलने कोणाला विकत घेतले नाही, कोणाच्या पाठीवर कोरडा ओढला नाही. त्याला अपराधी म्हणणे हा अन्यायच होय. त्यानेही आपली भूमिका साधारण अशीच मांडली आहे की, पूर्वजांच्या कृत्यांचा दोष आपल्यावर येत नाही, पण त्यांचा जाब देणे मात्र आपल्याला टाळता येत नाही.

हा भेद आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वी ओळखला होता. याज्ञवल्क्य स्मृतीत पित्याचे कर्ज मुलाने आणि नातवाने फेडावे असे सांगितले आहे. परंतु पित्याला झालेला जो दंड भरावयाचा राहिला, तो मात्र मुलाने भरण्याचे कारण नाही, असेही तेथेच आहे. म्हणजे शिक्षा वारसाने येत नाही. ऋण वारसाने येते. पुत्राच्या या धार्मिक बंधनाला आपल्या न्यायालयांनीही दीर्घकाळ मान्यता दिली होती; २००५ सालच्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा कायद्याने नव्या कर्जांपुरती ती काढून घेतली. कायदा पालटला, तरी त्यामागील विवेक विचार करण्याजोगा आहे.

येथे एक चतुर शंका निघू शकते. पित्याने मद्य, जुगार किंवा व्यभिचार यांसाठी काढलेले कर्ज पुत्राने फेडू नये, असेही स्मृतीच सांगते. माणसे विकत घेणे हे तर त्याहूनही अधर्म्य. मग त्याचे ऋण पुत्रावर कसे येईल? याचे समाधान असे की, जुगारात उडालेला पैसा घरात राहत नाही. कुटुंबाला त्याचा लाभ होत नाही, म्हणून कुटुंबावर त्याचा भार नाही. परंतु येथे फळ घरातच राहिले. त्या श्रमांतून वाडे उभे राहिले, मुले शिकली, नाव झाले. झाडाची सावली घ्यावयाची आणि ते कोणाच्या पाण्यावर वाढले हे विचारावयाचे नाही, असे करता येत नाही.

आणि संपत्ती उरली नसेल तर? पुष्कळ घराण्यांचे वैभव पुढे लयाला गेले, बॉल घराण्याचेही गेले. तरीही दोन गोष्टी उरतात. एक, घराण्याचा अभिमान. आणि दुसरी, ते कागद. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचे वर्णन करताना कुलीनतेचा गर्वही मोजला आहे. 'आमचे घराणे मोठे' असे जो म्हणतो त्याने घराण्याची पूर्ण कथा सांगण्याची तयारी ठेवली पाहिजे. अर्धी कथा सांगून मिळविलेला मान हा खोटे वजन ठेवून केलेल्या व्यापारासारखा आहे.

काही शंका

पहिली शंका अशी की, दीडशे वर्षांपूर्वीची जखम आता उकरून काय साधणार? याला उत्तर इतकेच की, जखम जुनी झाली हे कोणी ठरवावयाचे? ज्याला विसरणे सोयीचे त्याला ती जुनी वाटते. जो आजही १८७० च्या भिंतीशी थबकतो, त्याच्यासाठी ती आजची आहे.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. अशा शोधात धन्याचा वंशज स्वतःचे समाधान तर शोधीत नाही ना? आपल्या मनाची टोचणी जावी, समोरच्याने गळ्यात पडून 'तुमचा काही दोष नाही' असे म्हणावे, यासाठी तर हा खटाटोप नाही ना? ही शंका यथार्थ आहे. ज्यांच्याकडून पूर्वी श्रम घेतले, त्यांच्याच वंशजांकडून आज क्षमा घ्यावयाची, म्हणजे पुन्हा घेणेच झाले! म्हणून गीतेची शिकवण येथे अक्षरशः लागू पडते. कर्म करावे, फळाची आशा धरू नये. क्षमा हे फळ आहे, आणि त्यावर आपला अधिकार नाही. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे जे लक्षण सांगितले आहे, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, द्यावयाचे म्हणून देणे, तेच येथे लक्षण मानावे. किंबहुना हे दानही नव्हे. ज्याची वस्तू त्याला देणे याला दान म्हणत नाहीत.

तिसरी शंका अशी की, त्या वंशजांना भेटण्याची इच्छाच नसेल तर? तर भेटू नये. शोध घेतला म्हणून कोणाच्या उंबरठ्यावर पाय ठेवण्याचा हक्क मिळत नाही. कागद सार्वजनिक दप्तरात ठेवावेत, नावांची यादी करून सर्वांना पाहता येईल असे करावे, आणि बोलावणे येईल तर जावे. शिवाय हेही जाणून असावे की, ती वही वाचणे त्यांना सुखाचे होणार नाही. आपल्या आजीच्या आजीच्या नावापुढे किंमत लिहिलेली पाहताना कोणाचे मन स्थिर राहील? त्या वह्या काही ठिकाणी आणखी एक सत्य सांगतात. धन्यांनी दासींच्या ठायी संतती उत्पन्न केली होती. म्हणजे शोधणारा आणि सापडणारा हे कित्येकदा रक्ताचे भाऊबंद निघतात. जिला नकार देण्याचा अधिकारच नव्हता अशा स्त्रीच्या दुःखातून जुळलेले ते नाते आहे. त्याचा उच्चार करावयाचा तो खाली मानेने.

चौथी शंका खचलेल्या मनाची आहे. 'एवढे मोठे पाप! आता मी काय करू शकणार?' असे म्हणून काही जण नुसतेच हळहळत बसतात. कुरुक्षेत्रावर अर्जुनही असाच बसला होता. त्याचा शोक खरा होता, पण भगवंतांनी त्याला शोकातच राहू दिले नाही. उठून कर्तव्याला लागण्यास सांगितले. पश्चात्तापाचे अश्रू हे कर्माला पर्याय होऊ शकत नाहीत.

आपणही एका यादीत आहोत

एवढे वाचून कोणास वाटेल की हा प्रश्न दूरदेशीचा, आपला त्याच्याशी संबंध नाही. तसे नाही. जॉन ग्लॅडस्टन हा लिव्हरपूलचा व्यापारी. इंग्लंडचे पुढील काळातील पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन यांचा हा पिता. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील डेमेरारा येथे, म्हणजे आजच्या गयाना देशात, त्याचे उसाचे मळे होते. इंग्लंडने १८३३ साली कायदा करून आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद केली, तेव्हा २ कोटी पौंड भरपाई दिली. ती गुलामांना नव्हे, धन्यांना! ग्लॅडस्टनला अडीच हजारांहून अधिक माणसांबद्दल १ लाख ६ हजार पौंडांच्या वर रक्कम मिळाली. राबलेल्यांना एक पैसाही मिळाला नाही.

मग मळ्यांवर राबणार कोण? ग्लॅडस्टनने कलकत्त्याच्या व्यापारी पेढीशी पत्रव्यवहार करून हिंदुस्थानातून मजूर मागविले. 'हेस्पेरस' आणि 'व्हिटबी' ही दोन जहाजे ५ मे १८३८ रोजी गयानाला पोचली, आणि करारबद्ध मजुरीची ती दुर्दैवी परंपरा तेथे सुरू झाली. १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार भारतीय त्या एका वसाहतीत नेले गेले. म्हणजे ज्या प्रश्नाचा आपण विचार करीत आहोत, त्यात आपले देशबांधव अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूला उभे आहेत.

करारबद्ध मजुरी म्हणजे गुलामगिरी नव्हे, हा भेद विसरता कामा नये. आणि तो भेद नेमका नावातच दिसतो. जहाजावर चढणाऱ्या भारतीय मजुराच्या परवान्यावर त्याचे नाव, बापाचे नाव, गाव व जिल्हा लिहीत असत. मॉरिशसमध्येही अशीच दप्तरे आहेत. ती मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आज त्यांच्या आधाराने आपले मूळ गाव शोधू शकतात. लिहिताना नावांचे उच्चार बिघडले, गावांची अक्षरे बदलली, तरी धागा राहिला. आपल्याला हा धागा मिळाला म्हणून केवढा आनंद होतो! मग शेजारच्याच मळ्यावरील ज्या आफ्रिकी माणसाला तो मिळाला नाही, त्याचे दुःख आपल्याला कळू नये काय?

२५ ऑगस्ट २०२३ रोजी ग्लॅडस्टन घराण्याचे काही वंशज गयाना विद्यापीठात आले आणि गुलामगिरी व करारबद्ध मजुरी या दोन्हींतील आपल्या पूर्वजाच्या सहभागाबद्दल त्यांनी जाहीर क्षमायाचना केली. अभ्यासकार्यासाठी धनही दिले. त्या सभेत काहींनी निषेधाचे फलक धरले होते. तसे होणे स्वाभाविक होते. क्षमा मागणाऱ्याने क्षमा मिळेलच असे गृहीत धरले असते, तर ती क्षमायाचना न राहता व्यवहार झाला असता.

आपल्या घरच्या पेट्या

परंतु केवळ अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूला आपली गणना करून थांबणे हे सत्याला सोडून होईल. आपल्या देशातही माणसे विकली जात होती. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींचे उल्लेख जागोजागी आहेत. त्या काळी हा शब्द दासी या अर्थानेही वापरीत. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या, त्यांना सरकारी कोठ्यांत व किल्ल्यांवर कामास लावल्याच्या, आणि कधी वार्धक्यामुळे तर कधी मोबदला घेऊन मोकळे केल्याच्या नोंदी आढळतात. पोर्तुगीज अमलात गोव्यात मोझांबिकहून गुलाम आणले जात. केरळात जमिनीबरोबर तिच्यावर राबणारी माणसेही हस्तांतरित होत. त्रावणकोर संस्थानाने १८५५ साली ती प्रथा बंद केली. दक्षिण गुजरातेत 'हाली' आणि बिहारात 'कमिया' पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराला बांधलेले असत. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीच्या हक्काला न्यायालयाचा आधार उरला नाही. तरीही वेठबिगार निर्मूलनाचा कायदा करावा लागला तो १९७६ साली. यावरून ही गोष्ट किती अलीकडची आहे, हे समजेल.

आणि आपल्या महाकाव्यातच पाहा. विचित्रवीर्याच्या राण्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत: अंबिका आणि अंबालिका. परंतु ज्या दासीला अंबिकेने आपल्या जागी धाडले, आणि जिच्या पोटी विदुरासारखा धर्मात्मा जन्मला, तिचा उल्लेख महाभारतकथा केवळ दासी म्हणूनच करते. नीतीचा एवढा मोठा उपदेश करणाऱ्या पुरुषाच्या आईला नाव नसावे, हे पुष्कळ काही सांगून जाते.

मात्र येथे एक सावधानता फार जरूर आहे. अमेरिकेत गुलामांचे वंशज स्वतःच पूर्वजांची नावे शोधीत आहेत. आपल्याकडे स्थिती निराळी आहे. 'बटकीचा' ही मराठीत शिवी आहे! माणसे विकत घेणाऱ्याला शिवी नाही. विकल्या गेलेल्या स्त्रीच्या लेकराला शिवी आहे. लज्जेचे ओझे समाजाने चुकीच्या डोक्यावर ठेवले आहे. त्या दुर्दैवी स्त्रीचे वंशज आज एखादे आडनाव धारण करून प्रतिष्ठेने राहत असतील. त्यांच्या दारी जाऊन 'तुमची पणजी आमच्याकडे दासी होती' असे सांगणे हा शोध नव्हे, ती दुसरी हिंसा होय. म्हणून आपल्या देशात या कर्तव्याचा नियम असा असावा: आपल्या पूर्वजाचे कृत्य उघड करावे; दुसऱ्याच्या घराण्याचे मूळ उघड करू नये. छांदोग्य उपनिषदात सत्यकामाने गुरूपुढे आपल्या आईची खरी हकीकत सांगितली, ती त्याने स्वतः सांगितली. ते सांगण्याचा अधिकार त्याचा होता. इतर कोणाचा नव्हता.

गृहस्थाने काय करावे

तात्त्विक विचार कितीही झाला तरी तो आचरणात उतरल्यावाचून व्यर्थ आहे. यासाठी साधारणपणे पुढील गोष्टी कराव्यात.

(१) घरात जुने कागद, वह्या, खते, मोडी पत्रे असतील तर ती जाळू अगर रद्दीत घालू नयेत. जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावीत. आपल्याला जो कागद निरुपयोगी वाटतो, तो कोणाच्या तरी आजीचा शेवटचा पत्ता असू शकतो.

(२) त्यांत दास, दासी, कुणबिणी किंवा कर्जापायी घराला बांधलेले चाकर यांचे उल्लेख निघाले तर ते दडवू नयेत. कागद एखाद्या पुराभिलेखागाराला किंवा इतिहास-संशोधन संस्थेला द्यावेत.

(३) घराण्याचा इतिहास लिहिताना ही पानेही लिहावीत. मुलांना पूर्वजांचा पराक्रम सांगावा आणि त्यांचा अधर्मही सांगावा. सत्य ऐकून मुलांची श्रद्धा ढळत नाही. लपविलेले सत्य पुढे कळले म्हणजे ढळते.

(४) कोणी आपल्या पूर्वजांचा माग काढीत आपल्या दारी आला, तर त्याला आश्रित म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून घरात घ्यावे, आणि पेटी उघडून द्यावी. त्याने रागाचे चार शब्द उच्चारले तर ते ऐकून घ्यावेत.

(५) आज आपल्या घरी, शेतावर, वीटभट्टीवर किंवा दुकानात जो राबतो, त्याचे पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे काय, त्याची मजुरी वेळेवर व पुरती मिळते काय, तो कर्जाने बांधलेला तर नाही ना, हे तपासावे. पूर्वजांच्या वहीबद्दल हळहळणाऱ्याने स्वतःची वही आधी पाहावी. आपल्याही मागे कोणी वंशज येणार आहेत.

ज्याचे त्याला देणे

या साऱ्या विचारास आपल्याच नित्यविधीत आधार आहे, तो सांगून हा लेख पुरा करू. पितृपक्षातील महालयात सर्व नातेवाइकांचे पिंड झाल्यावर शेवटी धर्मपिंड देण्याची रीत आहे. त्या वेळी कर्ता जे मंत्र म्हणतो, त्यांत आपल्या दोन्ही कुळांत जे दास झाले, जे चाकर, आश्रित व सेवक होते, त्यांचेही स्मरण असते. म्हणजे ज्या ऋषींनी हा विधी घालून दिला त्यांना हे ठाऊक होते की, घराण्याचे देणे केवळ रक्ताच्या पितरांपुरते नसते. ज्यांच्या घामावर घर उभे राहिले त्यांचेही ते असते. मात्र तेथे त्या सर्वांना मिळून एकच पिंड आहे, आणि तो नावावाचून आहे. नावे ठाऊक नसल्याने दुसरा उपाय नव्हता.

आता जेथे नाव सापडू शकते, तेथे ते शोधणे आणि ज्याचे त्याच्या स्वाधीन करणे, हे त्या धर्मपिंडाचेच पुढील पाऊल होय. त्याने पूर्वजांचे पाप धुऊन निघेल की नाही, याची चिंता वंशजाने करू नये. तो हिशेब परमेश्वराच्या दरबारातील आहे. वंशजाच्या हाती एवढेच आहे की, दुसऱ्याची ठेव आपल्या घरात राहू देऊ नये. ते त्याने करावे, विनयाने करावे, आणि करून झाल्यावर मोबदल्याची वाट न पाहता आपल्या कामाला लागावे.